दोन तीरांची तर

टेक्सास प्रांतांतील ह्यूस्टन शहरीं आमचा पुतण्या नोकरीनिमित्त बरींच वर्षें स्थायिक झालेला आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां एका हिवाळ्यांत दोन महिने तेथें मुक्कामास होतों. हा पुतण्या म्हणजे आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा. गांवचा वाडा विकावा कीं ठेवावा या प्रश्नावरून बंधूंचें व आमचें बोलणें सहा वर्षें बंद पडलें होतें. परंतु या मुलानें त्या भांडणाची झळ स्वतःला लागूं दिली नाहीं. सुटींत देशीं आला म्हणजे चार दिवस वडिलांकडे आणि चार दिवस आमच्याकडे, हा त्याचा नेम कधीं चुकला नाहीं. हें घरगुती वृत्त प्रवासवर्णनांत सांगण्याचें कारण वाचकांस पुढें कळून येईल.

परदेशीं गेलेल्या वृद्धांचा दिनक्रम काय सांगावा! सकाळीं चहा, दुपारीं वामकुक्षी आणि सायंकाळीं खिडकींतून मोटारी मोजणें. आमची ही अवस्था पाहून एके रविवारीं पुतण्या म्हणाला, "काका, आज तुम्हांला समुद्र दाखवतों. काकू, तुम्हीहि चला. डबा बरोबर घेऊं." ह्यूस्टनपासून गॅल्व्हस्टन बेट सुमारें पन्नास मैलांवर आहे. दशम्या, शेंगदाण्यांची चटणी आणि सात वर्षांचा नातू एवढा सरंजाम घेऊन आम्ही निघालों.

गॅल्व्हस्टन हें मेक्सिकोच्या आखाताच्या कांठचें एक लांबट, अरुंद, सपाट बेट. सन १९०० च्या सप्टेंबरांत येथें जें वादळ झालें त्यांत निदान सहा हजार माणसें बुडून मेलीं. त्यानंतर लोकांनीं समुद्राच्या बाजूस भिंत बांधली आणि घरेंच्या घरें उचलून त्यांखालीं वाळूची भर घातली. बेटाच्या पूर्व टोकाला तरीचा धक्का आहे. समोरच्या बोलिव्हर नांवाच्या भूशिरावर जाण्यास पूल नाहीं. मोटारी, मालमोटारी, माणसें, कुत्रीं, सर्व कांहीं बोटीनेंच पलीकडे न्यावें लागतें. ही तर तेथील प्रांतिक सरकार चालवितें व तिला भाडें पडत नाहीं. अंतर अडीच मैलांहून थोडें अधिक. वेळ सुमारें अठरा मिनिटें. दिवस असो कीं रात्र, तिच्या खेपा चालूच असतात.

तर म्हटली कीं कोकणी माणसाचें मन जागच्या जागीं राहत नाहीं. दाभोळच्या खाडीवर उभें राहून पलीकडच्या धोपाव्याची बोट येण्याची वाट आम्हीं कितीदां तरी पाहिली आहे. आतां तिच्यावर मोटारी चढतात. आमच्या लहानपणीं पडाव असे, आणि त्यांत एका बाजूला आंब्याच्या पेट्या, दुसऱ्या बाजूला शेळ्या व मध्यें सासरीं निघालेली एखादी रडवेली लेक बसलेली असे. अलीकडच्या तीराची मुलगी पलीकडच्या तीरास दिलेली. पलीकडच्या वैद्यांचें औषध अलीकडच्या रोग्यास चालू. या साऱ्या व्यवहाराचा भार एका नावाड्यावर. तो कोणत्या तीराचा, असा प्रश्न कोणी विचारीत नसे. तो दोहों तीरांचा.

आमची बोट निघाली. मागें कुरव पक्ष्यांचा थवा लागला. पाण्यांतून डॉल्फिनांच्या काळ्या पाठी वर येऊन पुन्हां नाहींशा होऊं लागल्या. नातवानें इकडून तिकडे दोनदां धांवून येऊन विचारलें, "आजोबा, या बोटीचें तोंड कोणतें आणि शेपूट कोणतें?" प्रश्न रास्त होता. त्या बोटीला दोन्ही टोकें सारखींच. दोन्हीकडून मोटारी चढावयाच्या व उतरावयाच्या. पलीकडे गेल्यावर ती वळत नाहीं. आली तशीच उलट निघते. तेव्हां जाताना जें शेपूट, तेंच येतांना तोंड होतें.

पुतण्यानें पश्चिमेकडे हात केला. "काका, तें पेलिकन बेट. त्याच्याजवळच्या उथळ पाण्यांत अशीच एक तर लढाईंत नाश पावली. तीहि दोन तोंडांची होती. न्यूयॉर्कची, स्टॅटन आयलंडची. तिच्यावर तोफा चढवून तिला येथवर आणली होती." आम्हीं तिकडे पाहिलें. करड्या पाण्यावाचून तेथें कांहीं दिसत नव्हतें. परंतु तरीवर तोफा, ही कल्पना मनांत अशी कांहीं रुतून बसली कीं, पुढील पंधरवडा आम्हीं वाचनालयांत त्या बोटीचा इतिहास धुंडाळण्यांत घालविला. तोच येथें सादर करीत आहों.

त्या बोटीचें नांव वेस्टफील्ड. न्यूयॉर्क बंदरांत स्टॅटन आयलंड नांवाचें मोठें बेट आहे. त्याच्या एका विभागाचें हें नांव. शहर व बेट यांच्यामध्यें उतारूंची ने-आण करणें हा तेथील जुना धंदा. पुढें आगगाड्यांचा कुबेर म्हणून गाजलेला कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यानेंहि सोळा वर्षांचा असतांना याच मार्गावर शिडाची होडी चालवून आपल्या संपत्तीचा पाया घातला. त्याच व्हँडरबिल्टच्या तरींच्या ताफ्यासाठीं १८६१ सालीं सायमन्सन नांवाच्या जहाजबांधणाऱ्यानें वेस्टफील्ड तयार केली. लांबी सुमारें २१५ फूट, रुंदी ३५ फूट. लांकडी बांधणीची, दोन बाजूंना पाणी लोटणारीं मोठीं चाकें असलेली, वाफेवर चालणारी. नोकरीवर जाणारे कारकून, भाजीच्या गाड्या, रविवारीं हवा खावयास निघालेलीं कुटुंबें, यांच्यासाठीं ती जन्माला आली होती. परंतु तें सुख तिच्या वांट्यास वर्षभरहि आलें नाहीं. त्याच वर्षाच्या २२ नोव्हेंबरला अमेरिकन आरमारानें ती विकत घेतली.

याचें कारण त्या देशांतील यादवी युद्ध. दक्षिणेकडील अकरा संस्थानें गुलामगिरीच्या रक्षणासाठीं संघराज्यांतून फुटून निघालीं आणि एप्रिल १८६१ मध्यें तोफा सुरू झाल्या. अध्यक्ष लिंकन यांनीं दक्षिणेच्या सर्व किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली. जाहीरनामा काढणें सोपें होतें; परंतु तो किनारा साडेतीन हजार मैलांचा, आणि आरमाराजवळ जहाजें अगदीं थोडीं. तेव्हां बंदराबंदरांतून जें तरंगेल तें विकत घेण्याचा सपाटा सुरू झाला. त्यांत सरकारी माणसांची नजर न्यूयॉर्कच्या तरींवर गेली. वेस्टफील्डबरोबरच तिच्या क्लिफ्टन, साउथफील्ड वगैरे बहिणीहि त्याच सुमारास आरमारांत गेल्या.

प्रथमदर्शनीं ही निवड हास्यास्पद वाटते. पण थोडा विचार केला म्हणजे तींतील शहाणपण दिसून येतें. दक्षिणेंतील युद्ध पुष्कळ अंशीं नद्यांचें आणि खाड्यांचें होतें. तेथें पाणी उथळ, पात्र अरुंद आणि वळणें फार. समुद्रावरील मोठें लढाऊ जहाज अशा ठिकाणीं शिरलें तर त्याला फिरावयास जागा मिळत नाहीं, आणि फिरतां फिरतां तें शत्रूच्या तोफांपुढें आडवें पडतें. तरीला फिरावेंच लागत नाहीं. यंत्र उलट चालविलें कीं झालें. शिवाय तिला पाणी थोडें पुरतें, आणि तिचा डेक भरलेल्या गाड्यांचा व घोड्यांचा भार सोसण्यासाठीं रुंद व भक्कम केलेला असतो. त्यामुळें त्यावर जड तोफाहि बसतात. म्हणजे ज्या ज्या गुणांमुळें ती शांततेच्या काळांत सोयीची, त्या त्या गुणांमुळेंच ती युद्धांत उपयोगी ठरली.

अवगुणहि तेच. लढाऊ जहाजाचें काळीज, म्हणजे बॉयलर व यंत्र, शक्य तितकें पाण्याखालीं दडविलेलें असतें. तरीचें सर्व कांहीं वर, उघड्यावर. चाकें दोन्ही बाजूंना पुढें आलेलीं. एक गोळा नेमका लागला कीं संपलें. अशा बोटीवर नऊ इंची डालग्रेन जातीची तोफ, शंभर पौंडी गोळ्याची दुसरी एक लांब पल्ल्याची तोफ व आणखी कांहीं तोफा चढवून, विल्यम रेनशॉ नांवाच्या कमांडरच्या हातीं ती देण्यांत आली. आणि जिनें आजवर बंदराबाहेर तोंड काढलें नव्हतें ती १८६२ च्या फेब्रुवारींत फ्लॉरिडाला वळसा घालून सुमारें दोन हजार मैलांच्या समुद्रप्रवासाला निघाली.

मिसिसिपी नदीच्या मुखाशीं तिचें पहिलें काम पडलें तें मात्र लढण्याचें नव्हे. अ‍ॅडमिरल फॅरागट यांना न्यू ऑर्लिअन्स शहर घ्यावयाचें होतें. परंतु नदीच्या तोंडाशीं गाळाचा दांडा असल्यामुळें त्यांचीं मोठीं जहाजें आंत शिरेनात. तेव्हां हलक्या वाफेच्या बोटींनीं दोरखंड बांधून तीं चिखलांतून ओढून काढलीं. शहराच्या खालीं दोन किल्ले नदीचा मार्ग अडवून बसले होते. त्यांच्यावर मारा करण्यासाठीं कमांडर पोर्टर यांनीं उखळी तोफांचीं वीसएक गलबतें आणलीं होतीं. तीं शिडाचीं, नदीच्या ओघाविरुद्ध त्यांना आपल्या बळानें जातां येईना. तीं ओढून जागेवर लावण्याचें काम पुन्हां वेस्टफील्ड, क्लिफ्टन आदि बोटींकडे. दक्षिणेकडील लोक रात्रीं पेटविलेले तराफे प्रवाहांत सोडीत. ते दूर ओढून नेऊन कांठाला लावण्याचें कामहि याच ताफ्याच्या माणसांनीं केलें. १८ एप्रिलला किल्ल्यांवर मारा सुरू झाला, २४ तारखेच्या पहांटे फॅरागट यांचीं जहाजें किल्ल्यांसमोरून पार झालीं, आणि दक्षिणेचें सर्वांत मोठें शहर पडलें.

तेथून हा ताफा नदीनें वर व्हिक्सबर्गपर्यंत गेला. जूनच्या २८ तारखेला तेथें किल्ल्याच्या तोफांसमोर झटापट झाली. आपल्या पक्षाची एक बोट गोळे लागून निकामी झालेली पाहून तिला ओढून आणण्यास क्लिफ्टन पुढें सरली. तोंच एक गोळा तिच्या बॉयलरमधून आरपार गेला, आणि सुटलेल्या वाफेनें भाजून कित्येक खलाशी जागच्या जागीं मेले. तरीचें काळीज उघडें असतें म्हणून वर म्हटलें तें हेंच.

येथें मुंबईकर वाचकांस एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. या बोटी जीं बंदरें बंद करीत होत्या तीं कापसाचीं बंदरें होतीं. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा अमेरिकन कापूस त्यामुळें अडला आणि इंग्लंडची नजर हिंदुस्थानाकडे वळली. खानदेश, वऱ्हाड व गुजराथ येथील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत लोकांनीं गाद्या उसवून आंतील जुना कापूस विकला असें सांगतात. आलेल्या पैशाचें काय करावें हें न सुचून शेअरांचें वेड पसरलें. समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद यांनीं मातोश्रींच्या नांवें जो राजाबाई मनोरा विद्यापीठास दिला, त्याची देणगी याच भरतीच्या काळांतील. म्हणजे मिसिसिपीच्या चिखलांत दोरखंड ओढणाऱ्या त्या तरीचा एक पीळ आमच्या फोर्टपर्यंत पोंचलेला होता! आणि तो कापूस पिकविणाऱ्या हातांना अमेरिकेंत मजुरी नव्हती, फटके होते, हेंहि विसरून चालणार नाहीं.

१८६२ च्या ऑक्टोबरांत रेनशॉ यांनीं वेस्टफील्ड, क्लिफ्टन, ओवास्को, हॅरिएट लेन इत्यादि बोटी घेऊन गॅल्व्हस्टन बंदर फारसा रक्तपात न होतां ताब्यांत घेतलें. परंतु शहर राखण्यास पायदळ नव्हतें. नाताळच्या दिवशीं मॅसॅच्युसेट्सच्या पलटणींतील जेमतेम अडीचशें शिपाई आले, ते एका धक्क्यावर आडोसा करून राहिले. इकडे दक्षिणेचे सेनापति मॅग्रूडर यांनीं तें बंदर परत घेण्याचा चंग बांधला. त्यांच्याजवळ लढाऊ जहाजें नव्हतीं. मग त्यांनींहि तोच मार्ग धरला. बेयू सिटी आणि नेपच्यून नांवाच्या दोन नदींतील वाफेच्या बोटी आणून त्यांच्या कडेला कापसाचे गठ्ठे रचले व त्यांआड बंदुका घेऊन शिपाई बसविले. मुंबईंत ज्या कापसासाठीं गाद्या उसवल्या जात होत्या, त्याच कापसाची येथें तटबंदी झाली. एका बाजूला न्यूयॉर्कची तर, दुसऱ्या बाजूला टेक्सासची उतारूंची बोट. दोघींनाहि हें काम ठाऊक नव्हतें. दोघींनाहि माणसांनीं त्यांत ओढलें होतें.

१ जानेवारी १८६३. पहांटेच्या अंधारांत हल्ला झाला. जमिनीवरील शिपाई शिड्या घेऊन पाण्यांतून धक्क्याकडे गेले, पण शिड्या आंखूड पडल्या व त्यांना मागें फिरावें लागलें. तितक्यांत कापसाच्या बोटी येऊन पोंचल्या. नेपच्यून हॅरिएट लेनवर आदळून उथळ पाण्यांत बसली. बेयू सिटीनें दुसऱ्या बाजूनें धडक दिली आणि तिच्यावरील लोकांनीं हॅरिएट लेनच्या डेकवर उड्या घेतल्या. तिचा कप्तान वेनराइट मारला गेला. त्याच्या हाताखालचा अधिकारी एडवर्ड ली हा पंचविशींतला तरुण प्राणांतिक जखमी होऊन पडला.

या एडवर्डचे वडील मेजर अल्बर्ट ली दक्षिणेच्या सैन्यांत, याच मॅग्रूडरच्या लष्करांत होते. देश फुटला तेव्हां बाप एका तीराला राहिला व मुलगा दुसऱ्या. आपला मुलगा समोरच्या बोटीवर आहे हें मेजरसाहेबांस ठाऊक होतें. लढाई थांबतांच परवानगी काढून ते डेकवर गेले, तों मुलगा शेवटच्या घटका मोजीत होता. त्याला हलविण्याची सोय करण्यासाठीं ते किनाऱ्यावर गेले. मध्यंतरीं कोणीं त्याला कांहीं इच्छा आहे काय असें विचारलें, तेव्हां आपले वडील येथें आहेत, एवढेंच उत्तर त्यानें दिलें असें सांगतात. वडील परत येईपर्यंत प्राण गेला होता. दुसऱ्या दिवशीं शत्रु व मित्र एकत्र उभे राहिले आणि बापानें स्वतः मुलाच्या अंत्यविधीची प्रार्थना म्हटली.

या सर्व वेळीं वेस्टफील्ड कोठें होती? रात्रीं शत्रूच्या बोटींची चाहूल लागतांच ती जागेवरून हलली आणि पेलिकन बेटाजवळ वाळूंत रुतली. बहिणीला ओढण्यास क्लिफ्टन गेली, पण शहराच्या बाजूस तोफा वाजूं लागलेल्या ऐकून रेनशॉ यांनींच तिला परत पाठविलें. सकाळीं पांढरें निशाण लागलें. दक्षिणेच्या लोकांनीं शरण येण्यास तीन तासांची मुदत दिली. रेनशॉ यांनीं तें नाकारलें. बोट सुटत नाहीं, आणि शत्रूच्या हातीं तर ती द्यावयाची नाहीं. तेव्हां माणसें दुसऱ्या बोटींवर काढून तिला सुरुंग लावण्याचें त्यांनीं ठरविलें. शेवटपर्यंत ते स्वतः थांबले. पण दारूचें कोठार ठरल्यापेक्षां लवकर उडालें आणि जवळच्या होडींतील सुमारें डझनभर माणसांसह रेनशॉ यांचा अंत झाला. उरलेल्या बोटी समुद्राकडे निघून गेल्या. तेव्हां युद्धविरामाचें पांढरें निशाण त्यांच्यावर तसेंच फडकत होतें, यावरून पुढें दोन्ही पक्षांत बरेंच वाजलें. धक्क्यावरील शिपाई कैद झाले.

क्लिफ्टनचीहि गत बरी झाली नाहीं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत सबाइन नदीच्या मुखाशीं ती शत्रूच्या हातीं लागली. जिनें नाकेबंदी केली तीच पुढें दक्षिणेच्या बाजूनें नाकेबंदी चुकवावयास निघाली, आणि १८६४ च्या मार्चांत रुतून बसल्यामुळें तिच्या नव्या धन्यांनीं तिला आग लावली.

गॅल्व्हस्टन युद्ध संपेपर्यंत दक्षिणेकडेच राहिलें. परंतु १९ जून १८६५ रोजीं त्याच शहरांत सेनापति ग्रेंजर यांनीं टेक्सासमधील सर्व गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम जाहीर केला. तो दिवस २०२१ पासून अमेरिकेचा राष्ट्रीय सण झाला आहे. म्हणून वेस्टफील्डचा नाश व्यर्थ गेला, असें आम्हांला म्हणवत नाहीं. ज्या पक्षासाठीं ती लढली तो मनुष्यमात्राला दास्यांतून पार नेणारा ठरला. आणि त्याच १८६५ सालीं, अमेरिकेंत शांतता झाल्यामुळें कापसाचा भाव कोसळून मुंबईंत कित्येक पेढ्या धुळीस मिळाल्या. जगांतील एका तीरावरील सुख हें दुसऱ्या तीरावरील दुःखाशीं कसें जोडलेलें असतें, याचा याहून मोठा दाखला कोणता?

वाळूखालीं वेस्टफील्ड जवळजवळ दीडशें वर्षें पडून होती. २००९ सालीं टेक्सास सिटीच्या बंदराकडे जाणारा जलमार्ग अधिक खोल करावयाचा होता, त्या निमित्तानें तिचे अवशेष वर काढण्यांत आले. त्यांत सुमारें चार टन वजनाची ती नऊ इंची डालग्रेन तोफ निघाली. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत तिच्यावरील क्षार काढून तिला जतन केलें आणि आतां ती टेक्सास सिटीच्या संग्रहालयांत आहे. पुतण्यानें आम्हांला तेथें नेलें. नातवानें तोफेच्या तोंडांत डोकावून पाहिलें व विचारलें, "आजोबा, ती बोट मग घरीं परत कां नाहीं गेली?" आम्हीं सांगितलें, "बाळ, तर म्हणून निघती तर परत आली असती. तोफा चढल्यावर एकाच दिशेला जावें लागतें."

त्याच दिवशीं सायंकाळीं आम्ही गॅल्व्हस्टनच्या जुन्या दफनभूमींत गेलों. एडवर्ड लीची समाधि तेथें आहे, आणि त्याचे ते शेवटचे शब्द शिळेवर कोरलेले आहेत. इंग्रजी चार शब्द. अर्थ एवढाच, कीं माझे वडील येथें आहेत. आमची मंडळी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग पदर सांवरीत ती म्हणाली, "अहो, भाऊजींना आज फोन करा. वाडा काय, आज आहे उद्यां नाहीं."

पुतण्या दुसरीकडे पाहत उभा होता. सहा वर्षें तो पुण्यांतील दोन घरांमध्यें जा-ये करीत होता. इकडचा निरोप तिकडे नाहीं कीं तिकडचें गाऱ्हाणें इकडे नाहीं, नुसती माया तेवढी वाहून नेत होता. आम्ही दोघे भाऊ त्याला आपापल्या बाजूचा वकील करूं पाहत होतों. त्याच्यावर तोफा चढविण्याचा उद्योग आम्हीं कमी केला नाहीं. तो चढूं दिल्या नाहींत हें त्याचें शहाणपण.

रात्रीं ह्यूस्टनला पोंचल्यावर पुण्यांत सकाळ झाली होती. फोन बंधूंनींच उचलला. प्रथम दोघांनाहि बोलतां येईना. मग त्यांनीं विचारलें, "दादा, थंडी फार आहे का तिकडे?" वाड्याचा विषय त्या दिवशीं निघाला नाहीं. तो पुढें समोरासमोर बसून मिटला. कसा, तें सांगण्याचें हें स्थळ नव्हे.

निघण्यापूर्वीं आम्ही पुन्हां एकदां त्या तरीवर बसलों. बोलिव्हरच्या धक्क्याला ती लागली, साखळी निघाली, मोटारी एकामागून एक उतरल्या आणि तितक्याच दुसऱ्या चढल्या. बोट वळली नाहीं. मागच्या टोकाचें सुकाणूघर पुढचें झालें, आणि पेलिकन बेट डावीकडून उजवीकडे गेलें.